उंच माणसाचा दुभाष्या: रेवस ते श्रीवर्धन

हार्लन लाँचवर चढला तेव्हा लाँच एका अंगाला कलली, असं परत आल्यावर मी गिरणीत सगळ्यांना सांगितलं. ते खरं नाही. लाँच जागची हलली नाही. कलले ते आतले उतारू. भाऊच्या धक्क्यावर, रेवसच्या लाँचमध्ये टोपल्या, ट्रंका आणि कोंबड्या सांभाळत बसलेली माणसं एकदम एका बाजूला झुकली, कारण साडेसहा फुटांहून उंच असा एक गोरा माणूस फळीवरून वाकून आत येत होता. त्याच्यामागे त्याची पिशवी घेऊन मी येत होतो. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. पुढचा सगळा प्रवास हे असंच चाललं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मी परळच्या एका गिरणीत हजेरीखात्यात कारकून आहे आणि गिरणीच्या संघातून बास्केटबॉल खेळतो. राज्याच्या संघात एकदा माझी निवडही झाली होती. आमच्या सामन्यांना जी माणसं जमतात ती बहुतेक खेळणाऱ्यांची भावंडं असतात. यंदाच्या थंडीत आमच्या क्रीडामंडळाने मला बोलावून घेतलं. एक अमेरिकन खेळाडू काही महिने शिकवायला आला आहे, कुलाबा जिल्ह्यातल्या शाळांतून त्याचा खेळ दाखवायचा आहे, तुझं गाव तिकडचं, तुला इंग्रजी बोलता येतं, तेव्हा तू दुभाष्या म्हणून जा. मला क्षणभर वाटलं होतं, खेळाडू म्हणून जा म्हणतील.

लाँच सुटली. मुंबई मागे धुरात गेली. हार्लनने पाय समोरच्या बाकाखालून पार पलीकडे सोडले, आणि तिथे बसलेल्या बाईने आपली टोपली निमूटपणे सरकवून त्यांना जागा करून दिली. मला लाँचमध्ये बसायला धड जागा मिळाली नव्हती.

"तुझा धंदा काय?" मी त्याला विचारलं. म्हणजे, खेळ सोडून.

"हाच," तो म्हणाला.

"हाच म्हणजे?"

"चेंडू कडीत टाकणं."

मग रेवस येईपर्यंत त्याने त्याची हकिगत सांगितली. तो इंडियाना प्रांतातल्या कोळशाच्या खाणीच्या गावचा. बाप खाणीत. गोठ्याच्या भिंतीवर बापाने कडी ठोकून दिली होती, तिच्यात चेंडू टाकत हा वाढला. उंची आणि खेळ यांच्या जोरावर कॉलेज फुकट झालं. पुढे अमेरिकेतल्या एका धंदेवाईक संघाने त्याला घेतलं. दोन हिवाळे तो बहुतेक बाकावर बसून होता, तिसऱ्याच्या तोंडाशी त्यांनी त्याला निरोप दिला. घरी जाऊन खाणीत उतरायचं का, असा प्रश्न होता. तेवढ्यात कोणीतरी सांगितलं, इटलीत कारखान्यांचे संघ असतात, त्यांना एखादा परका उंच माणूस हवा असतो. हा बोटीत बसला.

उत्तर इटलीतल्या एका लहानशा गावात फर्निचरच्या कारखान्यात तो कागदोपत्री नोकर होता. प्रत्यक्ष कारखान्यात तो गेला एकदाच, फोटो काढायला. राहायला घर, फिरायला मालकाची स्कूटर. गावातला खाटीक त्याच्यासाठी मांसाचा चांगला तुकडा बाजूला ठेवायचा. संघ जिंकला की न्हावी पैसे घेत नसे. हरला की घेई, आणि केस जरा जास्तच कापी. मध्ये एक वर्ष तो बैरुतला खेळला, समुद्राच्या काठी राहिला, आणि पुन्हा इटलीला गेला.

"तुला पगार कशाचा मिळायचा?" मी विचारलं. मला कळलं होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"खेळायचा," तो म्हणाला, आणि हे जगातलं अगदी साधं काम असल्यासारखं डोळे मिटून झोपी गेला.

मी त्याच्याकडे बघत बसलो. आमच्याकडे सामन्याला जायचं तर साहेबापुढे उभं राहून अर्ध्या दिवसाची रजा मागावी लागते. साहेब चष्म्यावरून बघतो आणि विचारतो, "खेळायला? ह्या वयात?" हार्लन माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते लाँच हलत होती म्हणून असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण लाँच शांत होती.

नागाव

एस.टी.त हार्लनचे गुडघे कुठल्याच बाकात मावेनात. शेवटी कंडक्टरने त्याला ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाला लागून असलेल्या जागेवर बसवलं. ती जागा मी लहानपणापासून मागत आलो आहे. मला नेहमी सांगण्यात आलं, तिथे कोणाला बसू देत नाहीत.

अलिबागेत थोडं थांबून आम्ही नागावला पोचलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्ये गार सावली, आणि विहिरींवर रहाटाची कुरकुर. हार्लनने मान वर करून माड पाहिले. त्याला मान वर करून काही पाहावं लागतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला जरा बरं वाटलं.

शाळेच्या पटांगणात नवा खांब पुरला होता. कडी गावच्या लोहाराने घडवली होती आणि जाळं कोळ्यांनी विणून दिलं होतं, चांगलं जाडजूड, मासा काय, सुसरही सुटू नये असं. त्यातून चेंडू खाली पडेना. हेडमास्तरांनी आधी खांबाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा हार्लनच्या हातावर ठेवला.

"हे कशासाठी?" त्याने मला विचारलं.

"कोणाला लागू नये म्हणून."

तो गंभीर झाला. "आमच्याकडे हे करायला हवं होतं," म्हणाला, आणि खोबरं खाल्लं.

मग त्याने खेळ दाखवला. चेंडू पाठीमागून फिरवला, दोन पायांमधून काढला, लांबून कडीत टाकला. जाळ्यात अडकलेला चेंडू काढायला त्याला उडीही मारावी लागत नव्हती, नुसता हात वर केला की झालं. सारं गाव ओरडत होतं. मी बाजूला उभा राहून सांगत होतो, "हे असं करायचं," "आता हात असा ठेवायचा." एका म्हाताऱ्या आजोबांनी माझा सदरा ओढला. मला वाटलं, खेळाचं काही विचारतात. ते म्हणाले, "जरा बाजूला व्हा, दिसत नाही."

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नाही. एवढ्या खेळात हार्लनने खरी उडी एकदाच मारली, आणि खाली आला तो फक्त उजव्या पायावर.

संध्याकाळी हेडमास्तरांच्या वाडीत पोपटी लावली. वालाच्या शेंगा, बटाटे आणि भांबुर्डीचा पाला मडक्यात ठासून भरायचा, मडकं पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. मडकं फोडल्यावर जो वास येतो तो मुंबईत राहून मी विसरलो होतो. हार्लन मांडी घालू शकत नव्हता म्हणून त्याच्यासाठी उखळ पालथं घातलं होतं. त्यावर बसून त्याने शेंगा सालासकट खायला सुरुवात केली. हेडमास्तरीणबाई हसून हसून बेजार झाल्या आणि त्यांनी स्वतः त्याला शेंगा सोलून दिल्या. आमच्या पानात शेंगा होत्या. त्याच्या पानात दाणे होते.

मुरूड

रेवदंड्याची खाडी होडीतून ओलांडली. होडीवाल्या कोळ्याने हार्लनला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं आणि आपल्या जोडीदाराला म्हणाला, "आरं, ह्यो त चालता माड हाय. ह्याला मधी उभा कर, मंग शीड लावायचं काम न्हाय."

हार्लनने मला विचारलं, काय म्हणतो. मी सांगितलं. तो मोठ्याने हसला आणि दोन्ही हात पसरून खरंच शिडासारखा उभा राहिला. कोळ्यांनी खाडीभर त्याच्याशी गप्पा मारल्या. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, त्याला मराठीचं. तरी मला कोणी मध्ये बोलावलं नाही.

मुरूडला आमची उतरायची सोय दाऊदभाई नावाच्या एका जुन्या सारंगाच्या घरी होती. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. उभा जन्म परदेशी बोटींवर काढून आता ते समुद्राकडे तोंड करून झोपाळ्यावर बसत. घर स्वच्छ, चुन्याचं, ओटीवर निळ्या काचेचे दिवे. हार्लनचं कपाळ चौकटीवर आपटलं, तसं दाऊदभाई आतून ओरडले, "आस्ते, बेटा, आस्ते! हे घर बुटक्या माणसांनी बांधलंय." मग विचारलं, "कुठून आला हा?"

"अमेरिकेतून. पण बरीच वर्षं इटलीत होता," मी म्हणालो.

दाऊदभाईंचा चेहरा खुलला. त्यांनी हार्लनकडे वळून जे काही विचारलं ते इटालियनमध्ये होतं. ते जिनोआच्या बंदरात अनेक वेळा उतरले होते, एकदा आजारी पडून तिथल्या इस्पितळात महिनाभर राहिले होते. हार्लन त्यांच्या शेजारी झोपाळ्यावर बसला. झोपाळा करकरला. ते दोघं बोलू लागले, हातवारे करू लागले, हसू लागले. मी ओटीवरच्या बाकावर बसून राहिलो. दुभाष्या म्हणून आलेल्या माणसाची सगळ्यात मोठी फजिती कोणती, ते मला तिथे कळलं.

दाऊदभाईंच्या पत्नीने नारळाच्या दुधाबरोबर सांदणं पाठवली. तांदळाची, मऊ, पांढरी, जिभेवर विरघळणारी. आमच्या घरची सांदणं फणसाची असतात, पिवळी आणि जरा जड. ही जास्त चांगली होती. ते मला कबूल करावंसं वाटलं नाही, कारण हार्लन आधीच तसं म्हणून बसला होता.

तो तोंड धुवायला विहिरीवर गेला तेव्हा दाऊदभाई माझ्याकडे वळले.

"बिचारा," ते म्हणाले.

"कोण? हा?"

"तुला सांगितलं नाही त्याने? गुडघा खलास झालाय. डावा. इटलीवाल्यांनी सांगितलं, आता येऊ नको. म्हणून हिंदुस्थानात आला शिकवायला. इथून पुढे कुठे, त्याला ठाऊक नाही. घरी जावं तर बाप खाणीतच मेला, आई बहिणीकडे. म्हणाला, एवढी वर्षं बाहेर काढली, आता गावात मला कोण ओळखतं?"

लाँचमध्ये त्याने मला घर, स्कूटर, खाटीक, न्हावी सगळं सांगितलं होतं. हे सांगितलं नव्हतं. हे त्याने एका अनोळखी म्हाताऱ्याला सांगितलं, अर्ध्या तासाच्या ओळखीवर. मला वाईट वाटायला हवं होतं. पहिल्यांदा जे वाटलं ते वाईट नव्हतं. त्यालाही आता बाकावर बसावं लागणार, असं मनात आलं आणि मी एक सांदण जास्त खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मुरूडच्या शाळेत तो उभ्या उभ्याच खेळला. लोकांना फरक कळला नाही. मला कळत होता आणि मी काही बोललो नाही.

दिवेआगर

आगरदांड्याहून खाडी ओलांडून दिघीला उतरलो, तिथून पुढे बैलगाडीने दिवेआगर. हे माझं गाव. इथे माझे वडील, नाना, सुपारीची वाडी सांभाळतात. अकराव्या वर्षी मला शिकायला मामाकडे दादरला पाठवलं, तेव्हापासून मी इथे पाहुण्यासारखा येतो.

नानांनी माझा एकही सामना पाहिलेला नाही. राज्याच्या संघात निवड झाली तेव्हा मी मुद्दाम गावी येऊन त्यांना सांगितलं होतं, चला मुंबईला. ते पोफळीला पाणी सोडत होते. मान वर न करता म्हणाले, "उड्या मारणारे बघायला मुंबईला कशाला यायचं? वाडीत माकडं आहेत." हा विषय नंतर आमच्यात निघाला नाही.

आम्ही गाडीतून उतरलो. नाना अंगणात उभे होते. त्यांनी हार्लनकडे पाहिलं, मग वाडीतल्या पोफळीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू आलं.

"दत्तू, ह्याला विचार, शिडी न लावता सुपारी काढता येईल का?"

मी विचारलं. हार्लन म्हणाला, एखादी बुटकी पोफळ दाखवा. नाना त्याला स्वतः वाडीत घेऊन गेले. एका नव्या, ठेंगण्या झाडाचा शिंपुटा, म्हणजे सुपारीचा घड, त्याने हात उंच करून तोडला आणि नानांना दिला. नाना लहान मुलासारखे टाळी वाजवून हसले. मग त्यांनी त्याला पाण्याचे पाट दाखवले, विहीर दाखवली, रोठा जातीची सुपारी कशी ओळखायची ते दाखवलं. मी मागून भाषांतर करत चाललो होतो. माझा आवाज दोघांपैकी कोणाला ऐकू येत होता की नाही, शंका आहे.

आईने मोदक केले होते. हार्लनने पहिला मोदक कळीकडून उचलला आणि तुपासकट तोंडात टाकला. डोळ्यांत पाणी आलं, गरम होता म्हणून. आई मला म्हणाली, "किती प्रेमानं खातो रे! तू नुसता पटापट गिळतोस."

जेवताना नानांनी विचारलं, "खेळ कुठे आहे?"

"समुद्रावर," मी म्हणालो. "ओहोटीला वाळू घट्ट असते, चेंडू उसळतो."

"मी येतो."

आईने वाढायचं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. ते भात कालवत होते.

दुपारी सुरूच्या बनापुढे, ओल्या वाळूवर रेघा मारून मैदान आखलं. दोन्ही टोकांना खांब पुरले. गावातले तरुण, शाळेचे दोन मास्तर, मी आणि हार्लन असे खेळणार होतो. हार्लन एका बाजूला, मी दुसऱ्या. नाना छत्री उघडून अगदी रेघेवर उभे राहिले.

मी त्या दिवशी जितका खेळलो तितका राज्याच्या संघातही खेळलो नव्हतो. दोनदा हार्लनच्या हातातून चेंडू काढून घेतला. लांबून एक टाकला, तो फळीलाही न लागता आत गेला. प्रत्येक वेळी मी नानांकडे बघे आणि प्रत्येक वेळी नाना हार्लनकडे बघत असत. चेंडू कोणाकडेही असो, त्यांची छत्री हार्लनच्या दिशेने वळत होती.

आणि हार्लनच्या ते लक्षात आलं. इतके दिवस जपून खेळणारा माणूस, त्या म्हाताऱ्याला बघून त्याला काय झालं कोणास ठाऊक. त्याने मैदानाच्या मध्यावरून चेंडू घेतला, मला एका बाजूला चकवलं, दोन लांब ढांगा टाकल्या आणि उडी घेतली. मी खाली होतो, तो वर होता, आणि वर असतानाचा त्याचा चेहरा मी पाहिला. घरी आलेल्या माणसाचा असतो तसा. त्याने दोन्ही हातांनी चेंडू वरून कडीत दाबला. खांब हलला. सगळा किनारा ओरडला. नानांच्या हातून छत्री पडली.

मग तो खाली आला, डाव्या पायावर, जिथे खेकड्यांनी वाळू पोखरली होती तिथे. तो ओरडला नाही. बसला, आणि गुडघा दोन्ही हातांत धरून मान खाली घातली.

त्याला घरी न्यायला घराचं एक दार काढून आणावं लागलं. दारावर झोपवला तरी त्याचे पाय बाहेर येत होते, ते दोन माणसांनी वेगळे धरले. नानांनी निर्गुडीचा पाला आणवला, तव्यावर गरम केला आणि स्वतःच्या हाताने गुडघ्याला बांधला. संध्याकाळभर ते त्याच्या उशाशी बसून होते. त्याला अडकित्ता कसा धरायचा ते शिकवत होते. मला लहानपणी गोवर आला होता तेव्हा नाना वाडीतच असायचे, असं आई सांगते.

"श्रीवर्धनचं काय?" मी हार्लनला विचारलं. तिथला खेळ दुसऱ्या दिवशी होता.

"तू जा," तो म्हणाला. "तू रोज लोकांना सांगतोसच. आता करून दाखव."

"लोक तुला बघायला येणार."

"हो," तो म्हणाला. त्याने ते नाकारलं असतं तर बरं झालं असतं.

श्रीवर्धन

मी त्याच रात्री मिळेल त्या गाडीने पुढे गेलो. सकाळी हायस्कूलच्या पटांगणात ही गर्दी जमलेली. मी पिशवी खाली ठेवून चेंडू काढला. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले.

"अमेरिकन कुठे आहेत?"

"त्यांना दुखापत झाली आहे. आज मी दाखवणार."

"आपण कोण?"

मी नाव सांगितलं.

"म्हणजे दिवेआगरच्या नानांचा दत्तू?" ते मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "अहो, हा तर इथलाच आहे!" आणि खाली बसले. मागची काही माणसं उठून जायला लागली.

मी सुरुवात केली. बोललो, दाखवलं, शाळेतल्या मुलींना आणि मास्तरांना पुढे घेऊन त्यांच्याकडून करवून घेतलं. हळूहळू माणसं बसली. एक मास्तरीणबाई पदर खोचून पुढे आल्या आणि त्यांनी दुसऱ्याच फेकीला चेंडू कडीत टाकला, तेव्हा पहिल्यांदा टाळ्या पडल्या. खेळ रंगात येणार, इतक्यात रस्त्यावर घुंगरांचा आवाज झाला. पटांगण एकदम रिकामं झालं.

बैलगाडी होती. नाना हाकत होते. मागे पेंढ्यावर हार्लन पाय लांब करून बसला होता, आणि पेंढ्यात खोचलेली नानांची छत्री त्याच्या डोक्यावर होती. पहाटेच निघाले होते. नाना म्हणाले, "हा ऐकेना. खुणा करून करून गाडी जुंपायला लावली. म्हणतो, लोकांनी बोलावलंय, निदान दिसलो तरी पाहिजे."

त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. लोक त्याच्याभोवती. त्याने बोट उचलून माझ्याकडे दाखवलं आणि मराठीत म्हणाला, "बघा." तेवढा एक शब्द नानांनी त्याला वाटेत शिकवला असावा. लोक परत आपापल्या जागी जाऊन बसले. त्यानं सांगितलं म्हणून.

मग मी खेळलो. त्या खेळाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. चांगला झाला. वेगवेगळ्या कोनांतून चेंडू टाकून दाखवले, बरेच आत गेले. नाना हार्लनच्या शेजारी उभे राहून त्याच्यावर छत्री धरून होते. व्हरांड्यात ऊन नव्हतं.

खेळ संपल्यावर शाळेने घावन आणि गूळ-खोबरं दिलं. आम्ही तिघं बाकाजवळ होतो. नानांनी छत्री मिटली.

"दत्तू, त्याला विचार, तू कसा खेळतोस."

"नाना, हे काय विचारायचं?"

"त्याचा धंदाच आहे ना तो? मग त्याला कळत असेल. विचार."

मी इंग्रजीत विचारलं, "वडील विचारतात, मी कसा खेळतो."

हार्लनने माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगू?"

"ते खोट्यासाठी एवढ्या लांब आले नाहीत."

तो थोडा वेळ घावन चावत राहिला. मग नानांकडे बघून, सावकाश बोलला, म्हणजे मला सांगायला सोपं जावं. "ह्याची नजर चांगली आहे. हातही. पण पाय उशिरा शिकले. मी जिथे खेळलो तिथे ह्याला संघात घेतलं नसतं. बाकावरही नाही. इथे मी जेवढे पाहिले त्यांत हा सगळ्यांत चांगला. आणि शिकवतो माझ्यापेक्षा बरा. मला सांगता येत नाही, करून दाखवता येतं. आता तेही संपलं."

नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यातलं अर्धं गाळणं अगदी सोपं होतं. त्यांना काय कळणार होतं? लाँचवर चढल्यापासून त्याला मिळालेलं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं, आणि आता माझी किंमतही तोच ठरवणार होता. तरी मी सांगितलं. संघात घेतलं नसतं, हे सांगितलं. बाकाचंही सांगितलं.

"सगळं सांगितलंस?" नानांनी विचारलं.

"सगळं."

बैलांनी मान हलवली तशी घुंगरं वाजली.

"मग आता माझं त्याला सांग," ते म्हणाले. ते माझ्याकडे न बघता हार्लनकडे बघून बोलत होते. "म्हणावं, हा लहानपणी डाव्या हातानं जेवायचा. मला ते खपत नसे. जेवायला बसला की मी ह्याचा डावा हात पंच्याने कमरेला बांधून ठेवायचो. रडायचा, तरी सोडत नसे. वर्षभर बांधला. मला वाटलं, सुटली खोड." ते थांबले. "काल पाहुण्याच्या नादात माझं लक्ष नव्हतं. आज बघितलं. चेंडू टाकतो तो त्याच हातानं. काय सुरेख जातो रे तो हात वर. हे सांग त्याला."

हार्लन वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर नानांबद्दलची खरी माया होती, ते मला दिसत होतं.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"म्हणतात, उन्हाचं निघू नका," मी म्हणालो. "संध्याकाळी गाडी जुंपतील."